दुष्काळी गाव आणि त्याचे परमुलखी लोक



गुजरातेत आणंद जिल्ह्यात, चरोतर नावाच्या सुपीक भागात, धर्मज नावाचे एक गाव आहे. तेथील पाटीदार शेतकऱ्यांची मुले गेल्या शतकाच्या आरंभापासून पूर्व आफ्रिकेत गेली. कोणी रेल्वेत कारकून झाले, कोणी दुकाने थाटली. 1972 साली इदी अमीनने युगांडातून आशियाई लोकांना हाकलले, तेव्हा यांपैकी पुष्कळांनी इंग्लंड गाठले. तरीही गाव सुटले नाही. दरवर्षी 12 जानेवारीला तेथे धर्मज दिवस साजरा होतो आणि देशोदेशींची माणसे गावात उतरतात. शेतकऱ्यांचे एखादे गाव जगभर पसरून पुन्हा गावच राहते, याचे उदाहरण म्हणून विद्वान मंडळी चरोतरकडे बोट दाखवतात. ते बरोबरच आहे. पण असे उदाहरण पाहायला गुजरातेत जाण्याची गरज नाही. आपला सांगोला तालुका ओलांडून पश्चिमेला गेले की आटपाडी लागते, पुढे खानापूर तालुका आणि त्याचे ठाणे विटे. आज मी बोलणार आहे ते तिथल्या गावांविषयी.

एक फरक आधी सांगतो. चरोतरची जमीन कसदार. तिथे तंबाखू पिकते, विहिरींना पाणी असते. तिथला माणूस बाहेर पडला तो वाटण्या होऊन जमीन पुरेना म्हणून, आणि 1899-1900 च्या छपन्नाच्या दुष्काळाने आणखी ढकलला म्हणून. आपल्या बाजूचा माणूस बाहेर पडला तो जमीन असूनही. पाच-पाच, दहा-दहा एकरांचे धनी मुंबईला गिरणीच्या फाटकावर उभे राहिले. माणगंगा आणि येरळा या नद्या नावाच्या नद्या. सह्याद्री ढग अडवून धरतो, आणि पूर्वेला आटपाडीकडे सरकावे तसा पाऊस वीस इंचांच्या आसपास येऊन ठेपतो, तोही भरवशाचा नाही. माळाला हात-दीड हात माती, खाली मुरूम. बाजरी, मटकी, हुलगे आणि शेळ्या-मेंढ्या. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. तिच्या शेवटी दुष्काळाने वाडी ओस पडते. ती गोष्ट याच मुलखातली.

वाडी ओस पडते, पण माणसे कुठे जातात? कादंबरी संपते तिथे आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाचे काम सुरू होते. ती माणसे दोन वाटांनी गेली. एक वाट मुंबईच्या गिरणीकडे. ती आपल्याला ठाऊक आहे, कारण आपले सोलापूरही अशाच माणसांनी भरले. जुनी गिरणी 1877 साली चालू झाली, नेमकी मोठ्या दुष्काळाच्या वेळी. खेड्यातला माणूस अन्नाला महाग झाला होता आणि गिरणीला हात हवे होते. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आसपासच्या तालुक्यांतून कुणबी, धनगर, दलित आले. म्हणून या सभेत बसलेल्या बहुतेकांच्या घरात ‘आमचे मूळ गाव’ असे म्हणण्याची सोय आहे.

दुसरी वाट फारशी कोणाला माहीत नाही. ती आहे गलाईची.

हिंदुस्थानातल्या कोणत्याही मोठ्या शहराच्या सराफ बाजारात जा, मग ते केरळात असो, तामिळनाडूत, पंजाबात की उत्तर प्रदेशात. मागच्या बोळात एक अरुंद खोली सापडेल, तिथे भट्टी पेटलेली असेल, आणि भट्टीपाशी बसलेला माणूस मराठी बोलेल. विचारा, गाव कोणते? उत्तर बहुधा खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठे महांकाळ नाहीतर आपल्या सांगोल्याच्या आसपासचे मिळेल. हे लोक जातीचे सोनार नव्हेत. शेतकऱ्यांची मुले आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काही जण बाहेर पडले, त्यांनी ही विद्या उचलली, आणि मग एकामागून एक गावेच्या गावे त्यांच्या मागे गेली.

विद्या काय आहे ती सांगतो, कारण त्यावाचून पुढचे कळणार नाही. दागिन्याचे सोने निर्भेळ नसते. त्यात तांबे असते, चांदी असते, डाग लावताना आणखी काही मिसळते. जुना दागिना मोडीत आला की सराफाला त्यातले चोख सोने वेगळे हवे असते. गलाईवाला तो दागिना मुशीत घालून टाकणखाराबरोबर वितळवतो. मग त्यात मुद्दाम आणखी चांदी मिसळतो, साधारण एका भागाला तीन भाग या मानाने. ऐकणाऱ्याला हे उलटे वाटेल, सोने शुद्ध करायचे आणि त्यात चांदी ओतायची! पण सोन्याचे प्रमाण जास्त असले तर तेजाब आतपर्यंत पोचत नाही. चांदी भरपूर असली की ते सगळीकडे शिरते. वितळलेला रस पाण्यात ओतून त्याचे दाणे करतात आणि ते शोऱ्याच्या तेजाबात उकळतात. चांदी आणि तांबे विरघळून जातात. तळाशी उरते ती तपकिरी, मातीसारखी भुकटी. पाहणाऱ्याला तिची किंमत कळणार नाही, पण तेच सोने. ती धुऊन, वाळवून पुन्हा मुशीत घातली की पिवळी लगड तयार होते. विरघळलेली चांदीही वाया जात नाही. त्या पाण्यात तांब्याचे पत्रे ठेवले की चांदी पत्र्यावर येऊन बसते. सराफाच्या दुकानातला केर, भट्टीची राख, हात धुतल्याचे पाणी, यांतूनही हे लोक गुंजभर सोने काढतात.

तेजाब उकळते तेव्हा तांबूस पिवळा धूर निघतो. तो छातीत गेला की फुप्फुस खातो, आणि त्याचा त्रास कधी कधी काही तासांनी जाणवतो, त्यामुळे माणूस बेसावध राहतो. बारा-चौदा वर्षांची पोरे पूर्वी या खोल्यांत कामाला बसत. दिवसा भट्टी, रात्री तिथेच अंथरूण. गिरणीत निदान कारखाना निरीक्षक येत असे, न पाहताच सही करून जाई हा भाग वेगळा. गलाईच्या खोलीत मालक आणि दोन-तीन पोरे. कारखान्याच्या कायद्याला लागणारी माणसांची संख्याच भरत नाही. दुसऱ्या प्रांतात नेलेल्या कामगारांसाठी 1979 साली कायदा झाला, पण तो ठेकेदारामार्फत नेलेल्या, पाच किंवा अधिक माणसांच्या कामाला लागू होता. इथे नेणारा ठेकेदार नसून चुलता किंवा मामा असतो. मामावर फिर्याद कोण करणार?

आता प्रश्न असा की, परक्या शहरातला सराफ आपले सोने या अनोळखी मराठी माणसाच्या हाती का देतो? आणि गलाईवाला तरी आपल्या हाताखाली फक्त गावचीच पोरे का ठेवतो? कोणी याला गावप्रेम म्हणतात. थोडे असेलही. पण माझ्या मते यातली मुख्य गोष्ट जामिनाची आहे. मुठीत मावेल एवढ्या सोन्यात एका कुटुंबाचे आयुष्य जाते. ते घेऊन पोरगा पळाला तर? गावचा पोरगा पळू शकत नाही, कारण त्याचा बाप, घर, जमीन, बहिणीची सोयरीक सगळे गावात आहे. गाव हाच त्याचा जामीन. म्हणून माणूस त्रिचनापल्लीत तीस वर्षे राहिला तरी गावचे घर पाडत नाही, उलट नवे बांधतो. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या चैत्री यात्रेला येतो, वर्गणी देतो, भावकीच्या लग्नात उभा राहतो. ते घर बंद असले, दाराला कुलूप असले, तरी बाजारात त्या कुलपाची पत असते.

1963 साली सरकारने सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले. चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने करायला बंदी झाली आणि देशभर सोनार देशोधडीला लागले. 1968 ला त्याचा कायदा झाला आणि तो 1990 साली रद्द झाला. या सत्तावीस वर्षांत गलाईच्या धंद्यावर सतत टांगती तलवार होती. तरी धंदा टिकला.

आता गावाला काय मिळाले ते पाहू. पैसा आला, यात शंका नाही. सिमेंटची घरे उठली, देवळांना कळस चढले, शाळांना खोल्या मिळाल्या. माळावर ज्या गावात पिण्याच्या पाण्याचा टँकर येई, त्याच गावात दुमजली बंगले उभे राहिले. मी हे कुचेष्टेने सांगत नाही. ज्याने धुरात छाती जाळली त्याने संगमरवर बसवावा, कोणी नाव ठेवू नये. पण ज्या कोरडेपणाने ही माणसे बाहेर काढली तो कोरडेपणा त्या पैशाने हटला नाही. एकेका घराने विहीर खोल केली, बोअर मारले. शेजाऱ्याची विहीर तेवढी आटली. पाणी एकेकट्याच्या पैशाने विकत घेण्याजोगी वस्तू नव्हती.

इथे पहिल्या वाटेने गेलेली माणसे पुढे येतात. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. मुंबईत भाडे आणि खानावळ परवडेना तेव्हा हजारो जण गावी परतले. खानापूर तालुक्यातले परतले ते दुष्काळात. गावात काम नाही, पाणी नाही, रोजगार हमीची कामे कागदावर. ही संपातली माणसे होती, गप्प बसणारी नव्हती. गिरणीत त्यांनी सभा पाहिली होती, मोर्चा पाहिला होता, मागणीपत्र कसे लिहितात ते पाहिले होते. शिवाय हा 1942 नंतरच्या प्रतिसरकारचा मुलूख, सरकारापुढे न झुकण्याची सवय वडिलांपासूनची. कासेगावचे डॉ. भारत पाटणकर आणि त्यांचे सहकारी यांच्याबरोबर या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळ उभी केली. आधी मागणी रोजगार हमीच्या कामाची होती. मग लोक विचारू लागले की, दरवर्षी खडी फोडून दुष्काळ हटतो काय? दुष्काळ पडतो कशाने?

तालुक्यातून वाहणाऱ्या येरळेत त्यांना एक उत्तर सापडले. नदी उन्हाळ्यात कोरडी दिसली तरी तिच्या वाळूत पाणी राहते, आणि काठच्या विहिरी त्या पाण्यावर जगतात. ती वाळू ठेकेदार लिलावात घेऊन ट्रकांनी शहरांकडे नेत होते, बांधकामांसाठी. गावातली माणसे ज्या दिशेने गेली त्याच दिशेने नदीही चालली होती. बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांनी ठेकेदारांचा उपसा अडवला आणि सरकारपुढे अशी मागणी ठेवली: थोडी वाळू आम्हालाच विकू द्या, त्या पैशातून आम्ही आमचे धरण बांधतो. सरकारी कचेरीत असा अर्ज आजवर आला नसावा. नकार आला, मोर्चे निघाले, शेवटी परवानगी मिळाली. के. आर. दाते यांच्यासारख्या अभियंत्याने मदत केली. 1986 पासून पुढे काम चालले आणि 1990 च्या सुमारास बळीराजा स्मृती धरण उभे राहिले.

धरण लहान आहे. पण पाणीवाटपाचा त्यांचा नियम मला धरणापेक्षा मोठा वाटतो. पाणी जमिनीच्या एकरांवर वाटायचे नाही, घरटी वाटायचे. भूमिहीनालाही वाटा. उसाला पाणी नाही. सहकाराच्या भरभराटीची वर्णने आपण पुष्कळ ऐकतो, पण ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्याचा पाण्यावर हक्क आहे असे म्हणणारी गावे मला तरी फार भेटलेली नाहीत.

हाच आग्रह पुढे मोठ्या पाण्यासाठी धरला गेला. 1993 साली आटपाडीला पाणी परिषद भरली. वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, पाटणकर, आणि आपल्या जिल्ह्यातले सांगोल्याचे गणपतराव देशमुख हे तिच्यात होते. गणपतराव शेतकरी कामगार पक्षाचे, अकरा वेळा विधानसभेवर निवडून आलेले. ते 2021 साली गेले. मागणी होती ती कृष्णेचे पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांत आणण्याची. 1996 साली कऱ्हाडजवळच्या टेंभू योजनेला हात लागला आणि वर्षे-वर्षे रेंगाळत, टप्प्याटप्प्याने, पाणी खानापूर, आटपाडी आणि सांगोल्यापर्यंत आले. आज तिथे डाळिंब आणि द्राक्षाच्या बागा दिसतात. गलाईच्या पैशाने लावलेल्याही आहेत, आणि मला वाटते इतक्या वर्षांनी त्या पैशाला गावात टेकायला जागा मिळाली.

मात्र कालव्याचे पाणी घरटी मिळत नाही. ते जमिनीला मिळते, आणि जमीन ज्याची त्याला. बलवडीचा नियम टेंभूला लागू करा ही चळवळीची मागणी जुनी आहे. ज्या घराकडे जमीन नाही त्या घरातला पोरगा कालव्याच्या काठाने चालत एस. टी. च्या थांब्यावर जातो आणि मामाने दिलेला पत्ता खिशात घालून कोइमतूरची गाडी पकडतो.