तिसरा नाताळ

दिवाळी अंकात नाताळची गोष्ट कशाला, असे वाचक विचारतील. मला ती आपल्याच एका चालीवरून आठवली. ज्या घरी वर्षभरात कोणी गेले, त्या घरी दिवाळीला कढई चढत नाही. शेजारीपाजारी फराळाचे डबे पोचवतात. मात्र त्या घरातल्या माणसांनी आनंद करावा की नाही, हा प्रश्न डब्याने सुटत नाही. नाताळात तर तो अधिकच बोचतो. कारण ख्रिस्तजन्माची वार्ता म्हणजेच आनंदाची वार्ता, असे ख्रिस्ती माणूस मानतो. रडत्या घराने ती ऐकावी तरी कशी?

अमेरिकन कवी लाँगफेलो बोस्टनजवळच्या केंब्रिज गावी राहत असे. जुलै १८६१ मध्ये त्याची पत्नी फॅनी हिच्या झग्याने घरातच पेट घेतला. गालिचा टाकून, तिला मिठीत घेऊन त्याने आग विझवू पाहिली. पण दुसऱ्या दिवशी ती गेली. त्याचे हात नि तोंड इतके पोळले होते की, अंत्यविधीलाही त्याला जाता आले नाही. आणि तो दिवस त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता! चित्रांत दिसते ती त्याची ऋषितुल्य दाढी त्यानंतरची; भाजलेल्या चेहऱ्यावर वस्तरा चालेना.

पदरी पाच मुले. १८६२ च्या नाताळात मुलांनी शुभेच्छा दिल्या, तेव्हा हा सण आता आपल्यासाठी उरला नाही, अशा अर्थाचे त्याने रोजनिशीत लिहिले. तिकडे यादवी युद्ध पेटलेले. मार्च १८६३ मध्ये थोरला चार्ल्स, अवघा १८ वर्षांचा, बापाला न विचारता फौजेत गेला. नोव्हेंबरात व्हर्जिनियात गोळी त्याच्या कण्याला चाटून गेली. तार येताच बाप वॉशिंग्टनला धावला नि डिसेंबरात त्याला घरी घेऊन आला.

जखमी मुलगा घरात असताना, त्या तिसऱ्या नाताळात लाँगफेलोने 'ख्रिसमस बेल्स' ही कविता लिहिली. आरंभी घंटांचा नाद. मग तोफा तो नाद बुडवतात, कवी हताश होतो, आणि शेवटी घंटाच अधिक मोठ्याने बोलतात. पुढे तिला चाली लागल्या, ती चर्चमधून गाइली जाऊ लागली. गाताना बहुधा तोफांची कडवी गाळतात. मला हे पटत नाही. सणात अभद्र नको, हे मी समजू शकतो. पण तोफा काढल्या की उरतो नुसता घंटानाद, आणि दुःखी माणसाला त्याचा काय उपयोग? त्याचे दुःख आधी कोणी ऐकून घेतल्यावाचून त्याच्या कानात दुसरे काही शिरतच नाही.

१८६५ च्या फेब्रुवारीत ती एका बालमासिकात छापली गेली, तेव्हाही युद्ध चालूच होते. चार्ल्स बरा झाला; पुढे थेट जपानपर्यंत भटकून आला.

बापाचे दुःख मात्र सरले नव्हते. १८८२ मध्ये तो वारल्यावर त्याच्या कागदपत्रांत फॅनीवरचे एक सुनीत सापडले. ते १८७९ चे, म्हणजे ती गेल्यानंतर १८ वर्षांनी लिहिलेले. हयातीत त्याने ते छापले नव्हते.