टॅकलर : पळू न देणारे चिमुकले यान

‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळयुद्धाच्या खेळात टॅकलरचे काम एकच : शत्रूला पळू न देणे. आइसलँडच्या सीसीपी गेम्स या कंपनीने हा खेळ २००३ साली सुरू केला. त्यातल्या लढाईत विध्वंस मोठ्या तोफा करतात; पण लढाई होणार की नाही, हे बहुधा सर्वांत लहान वर्गातले हे यान ठरवते.

खेळात सुटकेचा मुख्य मार्ग म्हणजे वॉर्प, म्हणजेच अतिवेगाची झेप. यानाचे तोंड ठरलेल्या दिशेला वळले आणि वेग कमाल वेगाच्या ७५ टक्क्यांवर गेला की यान वॉर्पमध्ये शिरते. मग ते हाती लागत नाही. अवजड बॅटलशिपला यासाठी बरेच सेकंद लागतात, हलक्या यानांना मोजकेच. टॅकलरला मिळणारा अवधी तेवढाच.

त्याची साधने तीन. वॉर्प डिसरप्टर वॉर्प रोखतो. त्याच्या सुधारित प्रकाराचा पल्ला २४ किलोमीटर. वॉर्प स्क्रॅम्बलरच्या सुधारित प्रकाराचा पल्ला जेमतेम ९ किलोमीटर, पण त्याची पकड दुप्पट घट्ट असते आणि शत्रूचे मायक्रोवॉर्पड्राइव्ह हे वेगवर्धक यंत्रही तो बंद पाडतो. तिसरे साधन ‘वेब’. ते शत्रूचा वेग निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आणते.

नवशिका खेळाडू एट्रन, स्लॅशर, एक्झिक्युशनर किंवा कॉन्डॉर ही स्वस्त फ्रिगेट, म्हणजे लहान वर्गातली याने, घेऊन हे काम शिकतो. त्यापुढची पायरी इंटरसेप्टरची : एरिस, स्टिलेटो, मॅलेडिक्शन आणि क्रो.

या यानाचे कवच पातळ असते. त्याचा बचाव वेगात आणि त्याहून अधिक कोनात असतो. २० किलोमीटरवरून सेकंदाला ४ किलोमीटर वेगाने घिरट्या घालणारे यान सुमारे ३१ सेकंदांत एक फेरी पुरी करते. बॅटलशिपच्या जड तोफा तितक्या झपाट्याने वळत नाहीत. तेच यान नाकासमोर सरळ चालून आले, तर वेग कितीही असो, तोफेला वळावेच लागत नाही आणि पहिल्याच फैरीत खेळ आटोपतो. म्हणून कसलेला चालक शत्रूकडे तिरका निघतो. पडद्यावरच्या मोकळ्या अवकाशात पुन्हापुन्हा डबल-क्लिक करून तो दिशा थोडीथोडी बदलतो आणि अंतर गोगलगाईच्या शंखासारख्या वळणाने कमी करत आणतो. २४ किलोमीटरच्या आत येताच डिसरप्टर लागतो आणि मागून येणाऱ्या आपल्या ताफ्याच्या संभाषणात एक शब्द उमटतो : ‘पॉइंट!’, म्हणजे पकड बसली.

यानंतरचे सेकंद सर्वांत कठीण. शत्रूचे न्यूट्रलायझर यानातली वीज नष्ट करतात. वीज संपली की वेगही जातो आणि पकडही सुटते. शत्रूचा वेब किंवा स्क्रॅम्बलर लागला तर यान जागीच खिळल्यासारखे मंदावते, म्हणून दहा-बारा किलोमीटरच्या आत जायचे ते विचार करूनच. हलके ड्रोन पाठीस लागतात, त्यांच्यावरही नजर ठेवावी लागते. अडचणीच्या वेळी डिसरप्टर तापवून त्याचा पल्ला २० टक्क्यांनी वाढवता येतो. मात्र तो फार वेळ तापवला तर जळून जातो.

ताफा पोहोचून दुसऱ्या यानांनी पकड घेतली की टॅकलरचे काम पुरे होते. तोवर तो फुटला, तरी त्याने रोखून धरलेले सेकंद वाया जात नाहीत. तेवढ्यात ताफा शिकारीपाशी येऊन ठेपलेला असतो.