आरास शेतातून यावी, शेतातच परत जावी



ऊस विकास विभागाचा माणूस तोरण-मखरावर काय लिहिणार, असे आपणांस वाटेल. पण हा विषय माझ्याच रानात निघाला, म्हणून लिहितो.

२०१६ च्या गणपतीत पोरांच्या हट्टापायी मी थर्माकोलचे मखर आणले. विसर्जनानंतर ते मोडून उकिरड्यावर गेले. पुढल्या साली तेच खत आडसाली लावणीला टाकले. पहिल्याच पाण्याला सरीतून पांढरे मणी तरंगत निघाले. कुजेनात, वेचता येईनात. आई बांधावर उभी होती. म्हणाली, "लोकांना पाचट कुजवायला सांगतोस, आन् हे रं काय पेरलंस?" मला उत्तर सुचले नाही. मार्च २०१८ मध्ये राज्य शासनाने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली. माझ्या सरीत मणी अजून दिसतात.

तेव्हापासून आमच्या घरी जे करतो, ते सांगतो.

मखर : बांबू, केळीचे खुंट, उसाचे वाढे आणि घरातली जुनी जरीची साडी. सण झाला की वाढे गोठ्यात, खुंट खतात, साडी पेटीत.

तोरण : आंब्याचा डहाळा आणि घरचा झेंडू. पावसाळ्यात बांधाकडेने रोपे लावली की दसरा-दिवाळीला विकत फुले आणावी लागत नाहीत. शिवाय झेंडूच्या मुळांमुळे जमिनीतील सूत्रकृमींना आळा बसतो. ओवायला नायलॉन नको. सुती दोरा किंवा केळीचे सोपट घ्यावे, तेही कुजते.

सोने : दसऱ्याला आपट्याची पाने खुडावीत, फांद्या ओरबाडू नयेत. झाड राहिले तर पुढल्या दसऱ्याला पाने.

आकाशकंदील : कामट्यांचा सांगाडा एकदा नीट बांधला की पुष्कळ वर्षे चालतो. दरसाल फक्त कागद बदलावा, तोही घरच्या खळीने चिकटवून.

रांगोळी : तांदळाचे पीठ, हळद, गेरू. पीठ मुंग्या-चिमण्या खातात.

तुळशीचे लग्न : मांडवाला ऊस लागतोच. पण पोरे घाईने ऊस मध्येच मोडून आणतात. बुडखा वर राहतो आणि खोडव्याला त्यावरच्या डोळ्यांतून कमजोर कोंब फुटतात. म्हणून कोयत्याने अगदी जमिनीलगत तोडावा, म्हणजे फुटवे जमिनीखालून जोमदार येतात. आणि ऊस आपल्याच फडातला असावा, शेजाऱ्याच्या नव्हे!

या सगळ्याला खर्च फारसा नाही. लागते ती घरातल्या चार माणसांची एक संध्याकाळ. पोरांना मखर करायला बसवले की विकतचा हट्टही कमी होतो, हा माझा अनुभव आहे.

आरास घेताना स्वतःला एकच विचारावे : हे उद्या माझ्या सरीत चालेल का? चालत नसेल, तर ते दारालाही नको.

आपला,
ऊस विकास अधिकारी