जमीन कसणाऱ्याची : मायो ते तलासरी

आयर्लंडच्या मायो परगण्यात १८५० साली एका कुळाला जमीनदाराने घराबाहेर काढले. त्या घरातला चार वर्षांचा मुलगा म्हणजे मायकेल डेव्हिट. पुढे सूतगिरणीत काम करताना त्याचा उजवा हात गेला, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. १८७९ मध्ये त्याने लँड लीग उभी केली. तुरुंगात असतानाच, १८८२ मध्ये, लोकांनी त्याला पार्लमेंटवर निवडून दिले. ती निवड रद्द झाली, तरी पुढे तो खासदार झालाच. सभागृहात बोलायचे आणि बांधावर लोकांना उभे करायचे, ही दोन्ही कामे त्याने सोडली नाहीत.

आपल्याकडे हीच वाट शामराव परुळेकरांनी धरली. मागच्या भागात आपण कोकणातल्या खोत जमीनदारांविरुद्धचा १० जानेवारी १९३८ चा मोर्चा पाहिला. शामराव तेव्हा डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते आणि मोर्चाच्या पुढाऱ्यांपैकी एक होते. पण ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांची वेठ सभागृहातल्या भाषणांनी सुटणारी नव्हती. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी वारली नवराबायको सावकाराच्या घरी राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावी शामराव आणि त्यांच्या पत्नी गोदावरीबाई यांच्यासमोर हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असे ठरले. पाठोपाठ गवत कापणीचा संप झाला. मागणी एवढीच होती, की ५०० पौंड गवतामागे अडीच रुपये मिळावेत. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मारले गेले. अडीच रुपयांसाठी पाच जीव गेले, हे ठाणे आणि पालघरच्या प्रत्येक शाळेत शिकवले गेले पाहिजे.

शामराव १९५७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर गेले. त्याच वर्षी १ एप्रिलला कूळ कायद्याने कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. मात्र १९४८ च्या मूळ कायद्यात मालकाला स्वतः कसण्यासाठी जमीन परत मागता येत होती. ती फट हेरून कितीतरी कुळांकडून राजीनामे लिहून घेतले गेले होते. त्यामुळे ज्यांच्यासाठी कायदा झाला, त्यांतले अनेक जण १ एप्रिल उजाडण्याआधीच जमिनीबाहेर होते. संघटना जिथे मजबूत, तिथेच कूळ टिकले, असे माझे मत आहे. १९६५ मध्ये स्थानबद्ध असतानाच शामरावांचे निधन झाले.

कूळ कायद्याचा हा इतिहास आजही कामाचा आहे. चांदीपसारख्या विरारच्या पूर्वेकडच्या गावांत आता जमिनीला मुंबईचा भाव आला आहे. अशा वेळी जुना कागद फार मोलाचा असतो. ज्यांचे आजोबा-पणजोबा कूळ होते, त्यांनी तलाठ्याकडून जुने फेरफार काढावेत आणि सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचावा. कूळ कायद्याच्या कलम ३२-ग खाली जमिनीची किंमत ठरली का आणि ३२-म चे प्रमाणपत्र मिळाले का, हे तपासावे. विसार घेण्याआधी एवढे जरूर करा. आदिवासी जमिनीच्या हस्तांतरणाचे नियम पुढच्या भागात पाहू.