युग्मांची तुलना आणि अनुमानाची मर्यादा

तुलना हा आपल्या अभ्यासक्षेत्राचा प्राण होय. मूळ कादंबरी आणि तिचा अनुवाद समोर ठेवून ‘अनुवादात वाक्ये लांबतात’ असे विधान आपण सहज करून जातो. ते खरेही असेल. परंतु दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकेल काय, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. संख्याशास्त्राने या प्रश्नासाठी युग्मित नमुन्यांची कसोटी सिद्ध केली आहे. तिचे स्वरूप एका अभिजात उदाहरणावरून पाहू.

स्वपरागण व परपरागण यांच्या परिणामांवरील चार्ल्स डार्विनचा ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मक्याच्या रोपांच्या १५ जोड्यांची उंची नोंदलेली आहे. प्रत्येक जोडीत एक रोप परपरागणातून, तर दुसरे स्वपरागणातून निपजलेले. दोन्ही एकाच कुंडीत वाढलेली. माती, पाणी व प्रकाश शक्य तितके समान राखल्यामुळे उंचीतील फरक मुख्यतः उत्पत्तीतील भेदाचा मानता यावा, ही त्यामागील दृष्टी. १३ जोड्यांत परपरागित रोप उंच भरले, तर दोन जोड्यांत स्वपरागित. सरासरी फरक सुमारे २.६२ इंच होता.

आर. ए. फिशर यांनी १९३५ मधील आपल्या प्रयोगरचनेवरील ग्रंथात हीच आकडेवारी पुन्हा तपासली. कसोटीचे मर्म असे, की ३० उंची बाजूला ठेवून केवळ १५ फरकांचा विचार करावयाचा. प्रथम ‘खरा सरासरी फरक शून्य आहे’ अशी शून्य परिकल्पना मांडावयाची. फरकांचे प्रमाण विचलन ४.७२ इंच, त्यास १५ च्या वर्गमुळाने भागता सरासरीची प्रमाण त्रुटी १.२२ इंच येते. सरासरी फरकास या त्रुटीने भागले असता २.१४८ हे गुणोत्तर मिळते. डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितिगृहातील विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टूडंट’ या टोपणनावाने मांडलेल्या विवेचनातून विकसित झालेल्या कोष्टकानुसार, १४ स्वातंत्र्य मात्रांसाठी पाच टक्के पातळीवरील सीमा २.१४५ आहे. म्हणजे शून्य परिकल्पना त्याज्य ठरते, परंतु अगदी निसटती.

हे निसटतेपण विश्वास अंतरालात अधिक स्पष्ट दिसते. सरासरी फरकाच्या दोन्ही बाजूंस प्रमाण त्रुटीची २.१४५ पट घेतली, की ९५ टक्के अंतराल सुमारे ०.००४ ते ५.२३ इंच असे येते. खरा फरक नगण्य असेल किंवा पाच इंचांहून अधिक असेल. दोन्ही शक्यता या पुराव्याशी सुसंगत आहेत. ९५ टक्के हे या एका अंतरालाविषयीचे भाकीत नव्हे, ते पद्धतीच्या विश्वासार्हतेचे माप आहे : असे प्रयोग पुनःपुन्हा केल्यास शंभरांपैकी सुमारे ९५ अंतराले खऱ्या मूल्यास कवेत घेतील. कसोटी ‘होय’ वा ‘नाही’ एवढेच सांगते. अंतराल आपल्या ज्ञानाची रुंदी सांगते.

येथे एक मोह उद्भवतो. जोड्या मोडून हेच दोन गट स्वतंत्र मानले, तर गुणोत्तर २.४४ येते, म्हणजे निष्कर्ष अधिक ठाम भासतो. परंतु प्रयोगाची रचनाच जोड्यांची होती. आकडे पाहून मग सोयीची कसोटी निवडणे हा बौद्धिक अप्रामाणिकपणा होय. डार्विनच्या विनंतीवरून फ्रान्सिस गाल्टन यांनी ही आकडेवारी तपासली होती. त्यांनी दोन्ही गटांतील रोपे उंचीच्या क्रमाने लावली आणि मूळ जोड्या विस्कटल्या. फिशर यांनी नेमका यावरच आक्षेप घेतला.

आता अनुवादाकडे परत येऊ. प्रत्येक मूळ उतारा आणि त्याचा अनुवाद ही एक स्वाभाविक जोडी आहे. विषय, प्रसंग व निवेदक समान असल्याने वाक्यांच्या सरासरी लांबीतील फरक येथे अर्थपूर्ण ठरतो. मात्र उतारे आधी व निःपक्षपातीपणे निवडलेले हवेत, कारण आपल्या मतास अनुकूल उतारे वेचल्यावर कोणतीही कसोटी आपणांस वाचवू शकत नाही. शिवाय सर्व उतारे एकाच अनुवादकाचे असतील, तर निष्कर्षही त्या अनुवादकापुरताच राहतो. ‘अनुवाद’ या व्यापाराविषयी बोलण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही.

गणित आपल्या रसग्रहणाची जागा घेणार नाही, घेऊही नये. परंतु आपले विधान कोठवर पोचते आणि कोठे थांबावयास हवे, याची जाणीव ते निश्चितच देऊ शकते.