भाचा अजून पळत नाही! थांबायचं की दाखवायचं?

परवा ताईचा फोन आला. "अरे, शेजारची दीड वर्षाची पोरगी पळते. आपला वीस महिन्यांचा झाला, अजून नुसता चालतोय." मी इंजिनिअर, डॉक्टर नाही. पण म्हटलं, आधी आकडे बघू.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतली मुलं पाहिली, त्यात दिल्लीचीही होती. आधाराशिवाय चालणं साधारण ८ ते १८ महिन्यांत केव्हाही येतं. म्हणजे दहा महिन्यांचा फरकसुद्धा नॉर्मल! पळणं त्यानंतर, बहुतेक मुलं दोन वर्षांपर्यंत पळू लागतात. मूल अपुऱ्या दिवसांचं असेल, तर वय डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेपासून मोजायचं.

मग दाखवायचं कधी? १८ महिन्यांनंतरही चालत नसेल, दोन वर्षांनंतरही पळत नसेल, एकाच बाजूचा हातपाय वापरत असेल किंवा कायम चवड्यांवर चालत असेल, तर. आणि येत असलेलं चालणं बंद झालं, तर लगेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी मोफत होते; अंगणवाडीत विचारा.

हे सगळं ताईला वाचून दाखवलं. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "चवड्यांवरच चालतो रे तो, नेहमी. मला वाटायचं, गंमत करतोय."

शनिवारची अपॉइंटमेंट घेतलीये.