आधी पट्टी वाचायला शिकवा!
प्रौढशिक्षणाबद्दलचे आठ गैरसमज आणि वस्तुस्थिती

नव्वदच्या दशकात साक्षरता अभियानाचा स्वयंसेवक म्हणून मी एका वस्तीवर शिकवायला जात असे. समाजमंदिराच्या ओट्यावर सतरंजी, मध्ये कंदील आणि प्रत्येकीच्या मांडीवर पाटी. पहिल्याच आठवड्यात भाजीचा मळा करणाऱ्या एका मावशींनी कनवटीचा घडी पडलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. अडत्याने दिलेली वांग्याची पट्टी होती ती. "मास्तर, तुमचं पुस्तक राहू द्या. आधी ह्यावर काय लिवलंय ते वाचायला शिकवा."

पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई, तूट असे रकाने होते. वांग्याचे किती पैसे व्हायला हवेत, हे मावशी बोटांच्या पेरांवर मोजून माझ्या आधी सांगत. त्यांतले किती कशापायी कापले, एवढंच त्यांना कळत नव्हतं. मोठ्या माणसाचं शिक्षण त्याच्या हातातल्या कागदापासून सुरू होतं, हे मला त्या दिवशी समजलं. आपल्या समाजाला मात्र ते अजून पुरतं उमगलेलं नाही. प्रौढशिक्षणाबद्दलचे बरेच गैरसमज त्यातूनच आलेत.

गैरसमज १ : प्रौढशिक्षण म्हणजे स्वातंत्र्यानंतर सरकारने काढलेली योजना.

वस्तुस्थिती : ही चळवळ सरकारी योजनांच्या कितीतरी आधीची आहे. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला १७९८ मध्ये लेस आणि मोजे विणण्याच्या धंद्यातल्या तरुण कामगार मुलींसाठी प्रौढशाळा निघाली होती. डेन्मार्कमध्ये ग्रुंटविग यांच्या विचारांतून १८४४ मध्ये शेतकऱ्यांच्या तरुण मुलांसाठी पहिलं लोकविद्यालय उघडलं. आपल्याकडे जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा सुरू केली. दिवसभर राबणाऱ्यांना वेळ मिळतो तो दिवेलागणीनंतर, म्हणून शाळाच रात्री भरवली. शिकणाऱ्याच्या सोयीने शाळा भरवायची, हे प्रौढशिक्षणाचं पहिलं तत्त्व पुण्यात तेव्हाच अमलात आलं होतं.

बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं आणि शिकलेलं टिकावं म्हणून १९१० पासून राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणलं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. मुंबईत १९३९ मध्ये शहरासाठी प्रौढशिक्षण समिती उभी राहिली. याच काळात कुलसुम सयानी घरोघरी, विशेषतः पडद्यातल्या स्त्रियांपर्यंत, अक्षरं घेऊन पोचत होत्या. नवसाक्षरांसाठी त्या 'रहबर' हे नियतकालिक चालवत. त्याची भाषा एकच, सोपी हिंदुस्थानी. लिप्या मात्र तीन : नागरी, उर्दू आणि गुजराती. ज्याला जी लिपी येते, तिच्यातून त्याने वाचावं.

गैरसमज २ : निरक्षर म्हणजे अडाणी.

वस्तुस्थिती : लिपी न येणं वेगळं आणि ज्ञान नसणं वेगळं. हे मराठी माणसाला तरी सांगावं लागू नये. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर त्यांना सुचलेल्या ओव्या घरच्यांनी उतरवून घेतल्या आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, त्या पुस्तकरूपाने आल्या. आज त्या शाळेत शिकवल्या जातात.

वर्गाला येणारी बाई पेरणीची वेळ जाणते, गाभण गाईची काळजी घेते, भिशीचा हिशेब तोंडपाठ ठेवते. तिला लहान मुलासारखं 'बाळबोध' शिकवायला गेलं की तिचा अपमान होतो आणि ती दुसऱ्या दिवसापासून येत नाही. ब्राझीलचे पाउलो फ्रेरे यांनी १९६३ मध्ये आंजिकोस या गावी मजुरांना शिकवताना आधी त्यांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द गोळा केले. घर, काम, जमीन यांबद्दलच्या त्या शब्दांवर चर्चा व्हायची आणि मग त्यांतून अक्षरं सुटी केली जायची. आपल्याकडच्या साक्षरता अभियानातल्या वाचनपाठांचीही रचना अशीच होती. आधी जगण्यातला विषय, मग त्यातला शब्द, शेवटी अक्षर. मुळाक्षरांचा तक्ता पाठ करून घेण्याची पद्धत मोठ्यांसाठी नव्हेच.

गैरसमज ३ : साठी बुद्धी नाठी. या वयात डोक्यात काही शिरत नाही.

वस्तुस्थिती : मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२८ मध्येच प्रौढांच्या शिकण्यावर ग्रंथ लिहून मोठी माणसं शिकू शकतात हे दाखवलं. वयाबरोबर वेग थोडा मंदावतो, हे खरं. पण शब्दसंपत्ती आणि अनुभवातून आलेली समज टिकून राहते, बऱ्याचदा वाढतेही.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेलं एक संशोधन तर आपल्याच लिपीबद्दलचं आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतेक स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी व नंतर त्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. अक्षरओळख झाल्यावर मेंदूच्या वरच्या थरातच नव्हे, तर आत खोलवरच्या जुन्या भागांतही बदल झालेले दिसले.

प्रयोगशाळेत जायचं नसेल तर ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी जावं. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारी हाच गणवेश, पाठीला दप्तर आणि हातात पाटी. विद्यार्थिनी साठीच्या पुढच्या.

वर्गात खरी अडचण बुद्धीची नसते. साठीतल्या बाईच्या हाताला खुरप्याची सवय असते, त्यामुळे पेन्सिल सुरुवातीला मुठीत धरली जाते आणि पाटीवर टोक मोडतं. जवळचं दिसत नाही, पण चष्मा नसतो. दिवसभराच्या कामाने पाठ धरलेली असते. चष्मा, पुरेसा उजेड आणि टेकायला भिंत मिळाली तरी निम्मं काम होतं.

गैरसमज ४ : सही आली की माणूस साक्षर झाला.

वस्तुस्थिती : सही हे एक चित्रही असू शकतं. अनेकांना ते गिरवून गिरवून येतं, पण त्यातलं एक अक्षर दुसरीकडे दिसलं तर ओळखू येत नाही. जनगणनेच्या व्याख्येत सात वर्षांवरच्या व्यक्तीला कोणतीही एक भाषा समजून वाचता आणि लिहिता आली पाहिजे. नुसतं वाचता येणारा साक्षर धरला जात नाही आणि शाळेच्या दाखल्याचीही गरज नसते.

राष्ट्रीय साक्षरता मिशनने तर मोजमापच ठरवलं होतं. मिनिटाला ३० शब्द मोठ्याने आणि ३५ शब्द मनात वाचता यावेत, बघून ७ आणि ऐकून ५ शब्द लिहिता यावेत, १०० पर्यंतचे अंक ओळखता यावेत, साधी बेरीज-वजाबाकी, गुणाकार-भागाकार जमावा. त्यासाठी तीन वाचनपुस्तकं आणि सुमारे २०० तास धरले होते. रोज रात्री दीड तास म्हटलं तरी हे चार-साडेचार महिन्यांचं काम आहे. अंगठ्याच्या जागी सही आली याचा आनंद मोठाच असतो. पण तिथे वर्ग थांबवणं म्हणजे उंबरठ्यावर आणून दार लावून घेणं.

गैरसमज ५ : एकदा मोहीम काढून शिकवलं की काम संपलं.

वस्तुस्थिती : याचं उत्तर महाराष्ट्राने स्वतः अनुभवलेलं आहे. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावातल्या निरक्षरांना सुमारे चार महिन्यांत साक्षर करायचं आणि शिकवायचं गावच्याच शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी, शिकलेल्या मंडळींनी. गाव साक्षर झालं की गौरव समारंभ. लोकांच्या उत्साहावर चाललेली ही मोहीम पुढे राज्यभर पसरली आणि देशात तिचं नाव झालं. पण समारंभानंतर वाचायला काय? गावात ग्रंथालय नाही, मोठ्या अक्षरातली पुस्तकं नाहीत, लिहायचा प्रसंग नाही. वापर नसलेल्या विळ्यासारखी अक्षरं गंजली आणि पुष्कळजण पुन्हा निरक्षर झाले.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पाच वर्षांत १५ ते ३५ वयोगटातल्या १० कोटी लोकांपर्यंत पोचायचं ठरलं होतं. तेही गाठता आलं नाही. या धड्यांतून ५ मे १९८८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनच्या काळात संपूर्ण साक्षरता, साक्षरोत्तर आणि निरंतर शिक्षण असे तीन टप्पे पुढे आले. सयाजीरावांच्या पुस्तकपेट्यांमागचं शहाणपण आपल्याला पुन्हा शिकावं लागलं.

गैरसमज ६ : 'संपूर्ण साक्षर' म्हणजे शंभर टक्के साक्षर.

वस्तुस्थिती : ४ फेब्रुवारी १९९० रोजी केरळमधला एर्नाकुलम हा देशातला पहिला संपूर्ण साक्षर जिल्हा जाहीर झाला. १८ एप्रिल १९९१ रोजी कोळिकोडच्या मैदानात संपूर्ण केरळ साक्षर झाल्याची घोषणा झाली. ती घोषणा चेलक्कोडन आयिशा या नवसाक्षर बाईंनी केली. गोव्याने हाच मान ३० मे २०२५ रोजी मिळवला. पण या घोषणांमध्ये ठरावीक वयोगट आणि ठरावीक टक्केवारी धरलेली असते. सध्याच्या केंद्रीय कार्यक्रमात ९५ टक्के साक्षरता ही संपूर्ण साक्षरतेच्या बरोबरीची मानली जाते. यात फसवणूक नाही. आजारी, अतिवृद्ध, स्थलांतरित माणसं राहून जातातच. मात्र फलक लागला म्हणून उरलेल्या माणसाचं नाव यादीतून खोडायचं नसतं.

गैरसमज ७ : या वयात शिकून उपयोग काय? नोकरी थोडीच लागणार!

वस्तुस्थिती : आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता अभियानाच्या वर्गांत बायका एकत्र बसू लागल्या आणि दारूमुळे घराची कशी धूळधाण होते यावर बोलू लागल्या. दुबगुंटा गावच्या बायकांनी अरकाचं दुकान बंद पाडलं. ही हकीकत नवसाक्षरांच्या वाचनपुस्तकात आली, ती वाचून गावोगावच्या बायका उठल्या आणि १ ऑक्टोबर १९९३ पासून राज्यात अरकावर बंदी आली. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरतेबरोबर सायकल शिकवली गेली. खाणीत आणि शेतात राबणाऱ्या हजारो बायका सायकलवर बसल्या आणि बाजाराला, दवाखान्याला कुणाची वाट न बघता जाऊ लागल्या.

आमच्या मावशींचंही सांगतो. तिसऱ्या महिन्यात त्या पट्टी स्वतः वाचू लागल्या. जुन्या पट्ट्या त्यांनी डब्यात जपून ठेवल्या होत्या. त्या एकेक काढून कंदिलाजवळ धरल्या तेव्हा प्रत्येकीवर 'तूट' या रकान्यात दोन किलो कापलेले दिसले. पुढच्या खेपेला त्यांनी गाळ्यावर उभं राहून तो शब्द मोठ्याने वाचला आणि विचारलं, "माल तर तुमच्यासमोर मोजला, मग तूट कशाची?" त्या दिवशी मिळालेल्या पट्टीवर तो रकाना कोरा होता. नोकरी लागली नाही, पण दोन किलो वांग्यांचे पैसे घरी आले आणि ते दर खेपेला आले.

गैरसमज ८ : आता सगळी मुलं शाळेत जातात. प्रौढशिक्षणाची गरज सरली.

वस्तुस्थिती : १९५१ मध्ये देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, २०११ मध्ये ती सुमारे ७३ टक्क्यांवर गेली. महाराष्ट्र ८२ टक्क्यांच्या पुढे होता. प्रगती मोठीच आहे. पण त्याच जनगणनेनुसार देशात १५ वर्षांवरचे २५.७६ कोटी लोक निरक्षर होते आणि त्यांत १६.६८ कोटी स्त्रिया होत्या. पुढे साक्षर भारत कार्यक्रमातून ७.६४ कोटी लोक साक्षर म्हणून प्रमाणित झाले. ते वजा केले तरी १८ कोटींवर माणसं उरतात. शिवाय शाळा अर्ध्यात सुटलेल्यांचा प्रश्न वेगळाच.

म्हणून २०२२ ते २०२७ या काळासाठी नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच 'उल्लास', आखला गेला. पाच कोटी लोकांपर्यंत पोचण्याचं त्याचं उद्दिष्ट आहे आणि तो स्वयंसेवकांवर उभा आहे. अक्षर-अंकओळखीबरोबर आर्थिक आणि डिजिटल साक्षरता, आरोग्य, कायद्याची माहिती, व्यवसायकौशल्यं आणि निरंतर शिक्षण त्यात आहे. आज पट्टीच्या जोडीला मोबाइलवर बँकेचा संदेशही येतो. तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागणारा माणूस आपला ओटीपीही दुसऱ्याच्या हाती देतो. गरज सरलेली नाही, कागदाची जागा पडद्याने घेतली आहे.

तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताई, सोसायटीचे रखवालदार काका, गावाकडची आत्या यांच्यापैकी कुणाला तरी वाचता येत नसेल. ते सांगणार नाहीत. चष्मा विसरला म्हणतील. त्यांना शिकवायला बसायचं ठरवलंत तर वेळ त्यांच्या सोयीची ठरवा. आणि पहिल्या दिवशी पुस्तक उघडण्याआधी एवढंच विचारा, "तुम्हाला काय वाचायचंय?" ते जो कागद पुढे करतील, तोच पहिला धडा.